अनुभवपत्रात कामाचा तपशील हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातून वर्क परमिटवर कॅनडाला गेलेली मुले-मुली काही काळाने तिथल्या कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी अर्ज करायला घेतात. इकडे घरात पहिला प्रश्न निघतो, 'कंपनी पीआर करून देणार का?' अमेरिकेच्या ग्रीन कार्डमुळे हा प्रश्न आपल्या तोंडी बसला आहे. कॅनडात तांत्रिक नोकरदार साधारणपणे ज्या वाटेने जातात ती 'एक्स्प्रेस एन्ट्री' पद्धत जानेवारी २०१५पासून चालू आहे आणि तिच्यात अर्जदार कंपनी नसते. कर्मचारी स्वतः अर्ज करतो आणि शुल्कही स्वतःच भरतो. कंपनीला हमी द्यावी लागत नाही, खर्च करावा लागत नाही. तिच्याकडून लागते ते एक नीट लिहिलेले पत्र. आणि ते फक्त टोरांटो किंवा कॅलगरीतल्या आजच्या कंपनीचे पुरत नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे, चाकण इथे पूर्वी केलेल्या प्रत्येक नोकरीचे पत्र लागते, जर त्या नोकरीचे गुण मागायचे असतील तर. हे दुसरे पत्र पुण्यातल्या एचआर विभागांच्या हातात आहे आणि ते आज ज्या रूपात दिले जाते त्याने अर्जदाराचे खरे नुकसान होते. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी या पत्राची किंमत सांगतो. एक्स्प्रेस एन्ट्रीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण धरून उमेदवारांची क्रमवारी लागते आणि वेळोवेळीच्या फेऱ्यांत निवडीच्या रेषेवर असलेल्यांना अर्जाचे निमंत्रण मिळते. कॅनडाबाहेरचा तीन किंवा अधिक वर्षांचा कुशल कामाचा अनुभव आणि भाषेच्या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सीएलबी ९ ही पातळी (आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीत ऐकणे ८, वाचन, लेखन, बोलणे प्रत्येकी ७) असे दोन्ही असेल तर ५० गुण मिळतात. बाहेरचा तीन वर्षांचा आणि कॅनडातला दोन वर्षांचा अनुभव एकत्र असेल तरीही ५०. दोन्ही बाजूंनी मिळून या खात्यात कमाल ५०च धरतात. बाहेरचा अनुभव एक-दोन वर्षांचाच असेल तर प्रत्येक बाजूचा आकडा २५वर येतो. निवडीची रेषा चार-पाच गुणांनी हुकल्यामुळे पुढच्या फेरीची वाट पाहणारे उमेदवार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ५० गुण म्हणजे काय ते सांगायला नको. हे गुण अर्जदाराने पुण्यात खरोखर काम करून कमावलेले असतात, पण ते कागदावर सिद्ध करणारे पत्र हातात नसेल तर ते मागता येत नाहीत.

नोकरीच्या ऑफरचे गुण आता नाहीत, हेही याच जागी सांगायला हवे. पूर्वी कॅनडातल्या कंपनीने वैध ऑफर दिली की ५०, आणि अतिवरिष्ठ व्यवस्थापकीय पदासाठी २०० गुण मिळत. २५ मार्च २०२५पासून ते बंद झाले. त्या गुणांसाठी लागणारे एलएमआयए, म्हणजे 'या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही' असा तिथल्या सरकारचा निर्वाळा, बाजारात पैसे घेऊन विकला जात होता. तो धंदा थांबवायचा हा निर्णय होता. तरीही 'एलएमआयए मिळवून देतो, पीआरचे गुण वाढतील' असे कोणी आज पुण्यात सांगत असेल, तर तो नसलेली वस्तू विकतो आहे. शिवाय एलएमआयएचे प्रत्येक जागेमागचे १,००० डॉलर कंपनीनेच भरायचे असतात, ते कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. भरतीचे कोणतेही शुल्क कामगाराकडून घेता येत नाही.

आता पत्राकडे. कॅनडाचा इमिग्रेशन विभाग नोकरीच्या पत्रात काय हवे ते स्पष्ट सांगतो. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे. त्यात कर्मचाऱ्याचे नाव, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल असावा. थेट वरिष्ठाचे किंवा एचआर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सही असावी. कर्मचाऱ्याने सांभाळलेली सर्व पदे, प्रत्येक पदावरच्या तारखा, प्रत्येक पदाची कामे आणि जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ असावेत. नोकरी चालू असेल तर तसे लिहिलेले असावे. एवढेच. दीड-दोन पानांचे काम आहे.

पुण्यात नोकरी सोडताना मिळते ते रिलीव्हिंग लेटर, आणि सोबत कधी एक्स्पीरियन्स लेटर. नाव, एम्प्लॉयी कोड, रुजू तारीख, शेवटचा दिवस, शेवटचा हुद्दा, 'वर्तणूक समाधानकारक, भावी वाटचालीस शुभेच्छा'. खाली 'हे पत्र संगणकीकृत असल्याने सहीची गरज नाही'. भारतात दुसरी नोकरी मिळवायला हे पुरते, कारण नवी कंपनी पडताळणी संस्थेमार्फत चौकशी करून घेते. कॅनडाचा अधिकारी मात्र समोरच्या कागदावरूनच ठरवतो, आणि त्या कागदात कामे नाहीत, तास नाहीत, पगार नाही, सही नाही. मधल्या बढत्यांचा पत्ता नाही. अशा पत्रावर गुण मागितले तर अधिकारी अनुभव नाकारू शकतो. त्या गुणांशिवाय अर्जदार निवडीच्या रेषेखाली जात असेल तर अख्खा अर्ज नामंजूर होतो.

सगळ्यात जास्त घोळ कामांच्या तपशिलात होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. कॅनडात प्रत्येक व्यवसायाला एनओसी नावाचा पाच आकडी क्रमांक आहे. सध्याची २०२१ची यादी एक्स्प्रेस एन्ट्रीत १६ नोव्हेंबर २०२२पासून लागू झाली. या क्रमांकातला दुसरा आकडा कामाची श्रेणी सांगतो. तो ०, १, २ किंवा ३ असेल तर काम कुशल धरले जाते, ४ किंवा ५ असेल तर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर २१२३१, सॉफ्टवेअर डेव्हलपर व प्रोग्रामर २१२३२, इन्फर्मेशन सिस्टिम्स स्पेशालिस्ट २१२२२, सॉफ्टवेअर टेस्टिंगचे तंत्रज्ञ २२२२२, मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१, वेल्डर ७२१०६. हा क्रमांक हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही. त्या व्यवसायाचे थोडक्यातले वर्णन आणि त्यातली बरीचशी मुख्य कामे अर्जदाराने प्रत्यक्ष केली आहेत का, एवढेच पाहतात. आपल्या कंपन्यांतले 'मॉड्यूल लीड', 'असोसिएट कन्सल्टंट', 'सीनियर अ‍ॅनालिस्ट', 'असिस्टंट मॅनेजर' हे हुद्दे कॅनडातल्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत. उलट 'असिस्टंट मॅनेजर' वाचून तो व्यवस्थापनाची कामे शोधतो आणि ती सापडत नाहीत. कॉल सेंटरमध्ये ग्राहकांचे फोन घेणाऱ्याचे काम श्रेणी ४मध्ये मोडते. त्याला 'सीनियर प्रोसेस एक्झिक्युटिव्ह' म्हटल्याने ते श्रेणी १मध्ये जात नाही, आणि तसे दाखवण्याचा प्रयत्न करूही नये.

'सॉफ्टवेअर विकसनाची व वेळोवेळी सोपवलेली इतर कामे' हे वाक्य पत्रात असणे आणि नसणे सारखेच. दुसऱ्या टोकाला काही जण एनओसीच्या संकेतस्थळावरची कामे शब्दशः उचलतात आणि एचआर तशीच सही करते. अधिकारी ती यादी रोज वाचतो, नक्कल त्याच्या लगेच लक्षात येते, आणि अख्ख्या पत्रावरचा विश्वास उडतो. प्रत्यक्ष केलेले काम साध्या शब्दांत लिहिणे हाच उपाय. उदाहरणार्थ: विमा कंपनीच्या दावे-प्रणालीसाठी जावात सर्व्हिस लिहिणे, क्लायंटशी बोलून गरजा समजून घेणे व तांत्रिक आराखडा तयार करणे, डेटाबेसच्या संथ क्वेरी सुधारणे, कनिष्ठ सहकाऱ्यांचा कोड तपासणे, रिलीजनंतर आलेले दोष शोधून दुरुस्त करणे. अशी सहा ते आठ वाक्ये, जमल्यास प्रत्येक कामाला अंदाजे किती टक्के वेळ जाई त्यासह. ही यादी एचआरने डोक्यातून काढायची नसते. कर्मचाऱ्याने मसुदा करावा, त्याच्या वरिष्ठाने तो खरा आहे का ते पाहावे, एचआरने लेटरहेडवर घेऊन सही करावी. मसुदा कर्मचाऱ्याने दिला म्हणून पत्र खोटे ठरत नाही. खोटे काम लिहिले तर ठरते. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर तिथल्या कायद्याच्या ४०व्या कलमाखाली पाच वर्षे कॅनडाची दारे बंद होतात. म्हणून 'लिहून टाका हो, कोण बघतंय' असे म्हणणारा वरिष्ठ अर्जदाराचे भले करत नसतो.

बढत्यांचे तसेच. पाच वर्षांत ट्रेनी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, सीनियर, लीड असे चार टप्पे असतील तर चारही टप्प्यांच्या तारखा आणि कामे वेगवेगळी हवीत. फेडरल स्किल्ड वर्कर या गटात पात्र ठरायला एकाच व्यवसायातला किमान एक वर्षाचा सलग अनुभव गेल्या दहा वर्षांतला लागतो. टप्पे एकत्र लिहिले तर हे सलग वर्ष कुठे बसते ते दिसत नाही. तासांचा प्रश्न सोपा असूनही नेहमी सुटून जातो. तिथे आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ, वर्षाचे १,५६० तास. आठवड्यात ३०च्या वर कितीही तास केले तरी ते जादा धरत नाहीत, पण आकडा लिहिलेलाच नसेल तर अधिकाऱ्याने गृहीत काय धरायचे? 'पूर्णवेळ, आठवड्याला ४० तास' एवढे चार शब्द पुरतात.

पगाराच्या ओळीत आपल्याकडची एक खास अडचण आहे. पत्रात सीटीसी १२ लाख लिहिलेली असते आणि सोबत जोडलेल्या फॉर्म १६मध्ये साडेनऊ लाख दिसतात. कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता हे सीटीसीत असतात, करपात्र पगारात नसतात. व्हेरिएबल पे पूर्ण मिळालेला नसतो. आपल्याला हे सरावाने कळते, ओटावातल्या अधिकाऱ्याला नाही. म्हणून पत्रात वार्षिक ढोबळ पगार आणि इतर लाभ वेगळे लिहावेत, किंवा अर्जदाराने खुलाशाच्या पत्रात हा फरक दोन ओळींत सांगावा.

सही कोणाची आणि संपर्क कोणता, हेही पाहिले जाते. अधिकारी पडताळणीसाठी ईमेल किंवा फोन करू शकतो. जीमेलचा पत्ता, किंवा 'या एक्स्टेन्शनची नोंद नाही' असे सांगणारा बोर्ड नंबर पत्रावर असेल तर खरे पत्रही संशयात येते.

नेहमीच्या साच्यात न बसणारी प्रकरणे अधिक अवघड. हिंजवडीत एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात बसून काम केले, पण पगार दुसऱ्याच पे-रोल कंपनीने दिला, अशी हजारो माणसे आहेत. इथे पत्र पे-रोल कंपनीचे लागते, कारण कायद्याने मालक तीच. काम कोणत्या ठिकाणी व कोणासाठी केले ते त्यात लिहावे आणि जमल्यास क्लायंटकडच्या वरिष्ठाचे पूरक पत्र जोडावे. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल किंवा तिचे नाव बदलले असेल तर जुन्या नावाची पगारपत्रके आणि नव्या नावाचे पत्र यांचा मेळ बसत नाही. विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत किंवा नावबदलाचे कंपनी निबंधकाचे प्रमाणपत्र जोडले की प्रश्न सुटतो, पण हे कागद अर्जदाराला मिळवून देण्याचे सौजन्य एचआरने दाखवायला हवे. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांतून गेलेल्या वेल्डर, मशिनिस्ट यांच्या पत्रांत मालकाची सही-शिक्का असतो, पण कामाचा तपशील नसतो. त्यांनी लेटरहेडवर जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी द्यावी. कामगाराने पीएफ पासबुक, ईएसआयसीचे कागद जोडावेत. मालक मराठीतच लिहीत असेल तर खुशाल लिहू द्यावे. सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र लागते. अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेले भाषांतर चालत नाही.

ऑनसाइट गेलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅनडातला अनुभव म्हणजे कॅनडात प्रत्यक्ष राहून, परवान्यानिशी केलेले काम. आई-वडिलांच्या आजारपणात तीन महिने पुण्यात येऊन इथून लॅपटॉपवर टोरांटोचे काम केले, तर पगार कॅनडाचा असला तरी ते तीन महिने कॅनडियन अनुभवात बसत नाहीत. एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या 'कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लास' या गटासाठी लागणारे एक वर्ष मोजताना ते वजा करावे लागतात. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेले काम आणि स्वतःचा व्यवसाय हेही त्या वर्षात धरत नाहीत. कॅनडातल्या एचआरने पत्रात लांब रजा आणि देशाबाहेरून केलेले काम यांच्या तारखा खऱ्या लिहिल्या तर पुढे अर्जदाराचेच रक्षण होते.

एचआरने नकारच दिला तर? 'आमच्या पॉलिसीत फक्त तारखा आणि हुद्दा देतो' हे उत्तर पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांकडून सर्रास मिळते. अशा वेळी नकाराचा ईमेल जपून ठेवावा, तो पुरावा आहे. मग कंपनीचे जे काही पत्र मिळते ते, त्या काळातल्या थेट वरिष्ठाचे किंवा सहकाऱ्याचे कामाच्या तपशिलाचे प्रतिज्ञापत्र, नेमणूक पत्र, बढतीची पत्रे, पगारपत्रके, फॉर्म १६, पगार जमा झाल्याची बँकेची पाने आणि पीएफ पासबुक असा संच करावा. प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करावे. महाराष्ट्रात त्याला आता ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. प्रतिज्ञापत्र देणाऱ्याने आपण त्या कंपनीत कोणत्या काळात, कोणत्या पदावर होतो आणि अर्जदाराचे काम आपल्याला कसे माहीत, हे आधी लिहावे, आणि स्वतःच्या नोकरीचा पुरावा जोडावा. हा भाग राहिला तर प्रतिज्ञापत्राला वजन उरत नाही. सोबत पत्र का मिळाले नाही याचा खुलासा हवा. हा संच मान्य करायचा की नाही ते अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. कंपनीचे पूर्ण पत्र असताना जो धोका राहत नाही तो इथे राहतो, आणि तो कंपनीच्या एका पॉलिसीमुळे अर्जदाराच्या वाट्याला येतो. याचेच वाईट वाटते.

कॅनडातल्या कंपनीची मदत पत्रापुढे जाते ती दोन ठिकाणी. पहिले, परमिटची मुदत. वर्क परमिट एकाच कंपनीशी बांधलेले असेल आणि पीआरचा निकाल येण्याआधी संपत असेल, तर कंपनीने नूतनीकरणाचे कागद वेळेत करणे हाच सगळ्यात मोठा आधार. मुदत संपण्याआधी अर्ज गेला तर निकाल लागेपर्यंत आधीच्याच अटींवर काम करत राहता येते. एक दिवस उशीर झाला तर काम थांबवावे लागते. पीआरचा पूर्ण अर्ज स्वीकारल्याची पावती आली असेल तर 'ब्रिजिंग ओपन वर्क परमिट' मागता येते. ते कोणत्याही कंपनीला बांधलेले नसते आणि त्यासाठी मालकाच्या सहीची गरज नाही. ज्यांची कंपनी 'पीआरचा अर्ज केलास तर परमिट वाढवणार नाही' अशी भाषा करते त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. छळ होत असेल तर त्यासाठी वेगळे खुले परमिट मागण्याची सोय २०१९पासून आहे.

दुसरे ठिकाण प्रांतांच्या निवडीचे. प्रांताचे नॉमिनेशन मिळाले तर ६०० गुण मिळतात, पण त्यातल्या अनेक योजना नोकरीच्या ऑफरवर उभ्या असतात. तिथे कंपनीला स्वतःचे अर्ज भरावे लागतात, आपली उलाढाल, कर्मचारीसंख्या, ही जागा का हवी ते दाखवावे लागते. नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडोर या चार प्रांतांची अटलांटिक योजना तर कंपनीशिवाय चालतच नाही. कंपनी प्रांताकडे आधी नोंदलेली असावी लागते, मग तिची ऑफर, मग प्रांताची शिफारस. अशा योजनेतून अर्ज केला असेल तर निकाल येण्याआधी नोकरी सोडताना दहादा विचार करावा, नॉमिनेशन मागे घेतले जाऊ शकते. ऑफरवर न बेतलेल्या एक्स्प्रेस एन्ट्रीच्या अर्जात मात्र परमिट परवानगी देत असेल तर नोकरी बदलता येते, फक्त तो बदल विभागाला कळवावा लागतो. घरच्यांना 'कंपनी पीआर करते' आणि 'कंपनी काहीच करत नाही' अशा दोन टोकांच्या गोष्टी ऐकू येतात. दोन्ही खऱ्या असू शकतात, योजना कोणती यावर ते अवलंबून आहे.

हाच प्रश्न अमेरिका आणि जर्मनीला गेलेल्यांचाही आहे. अमेरिकेत नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्डची याचिका बहुतेक वेळा कंपनीच करते आणि 'पर्म' या, म्हणजे जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवण्याच्या, टप्प्याचा वकिलाचा व जाहिरातींचा खर्च कंपनीवरच असतो. पण त्या जागेसाठी आधीचा अनुभव अट म्हणून लिहिला असेल, तर तो पुण्याच्या जुन्या कंपनीच्या पत्रानेच सिद्ध करावा लागतो, आणि त्यातही सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, पत्ता व कामांचे वर्णन लागते. जर्मनीत ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर असलेल्यांना २७ महिन्यांनी, जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी कायम परवाना मागता येतो. तिथे मालकाकडून नोकरी चालू असल्याचे पत्र लागते आणि काम भागते.

वेळेबद्दल. कॅनडाचे निमंत्रण आले की अर्ज सादर करायला ६० दिवस मिळतात. पुण्याच्या एचआरला पहिला ईमेल त्या दिवशी पाठवणे म्हणजे उशीर झालाच. पत्रे एक्स्प्रेस एन्ट्रीचे ऑनलाइन प्रोफाइल भरण्याआधी हातात असावीत, कारण प्रोफाइलमध्ये लिहिलेला प्रत्येक महिना नंतर सिद्ध करायचा असतो. ६० दिवसांत पत्र मिळत नसेल आणि त्याशिवाय गुण रेषेखाली जात असतील, तर निमंत्रण नाकारून पुन्हा रांगेत राहणे शहाणपणाचे. कच्चा अर्ज रेटला तर शुल्क आणि वेळ दोन्ही जातात. २१ ऑगस्ट २०२५पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच करून घ्यावी लागते, म्हणजे त्या ६० दिवसांत आणखी एक काम आले. गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलो त्या प्रत्येक देशाचे पोलिस प्रमाणपत्र लागते. भारताचे प्रमाणपत्र देश सोडल्यानंतर काढलेले असेल आणि त्यानंतर इथे सलग सहा महिने राहणे झाले नसेल तर ते चालते, दर वेळी नवे काढायची गरज नाही.

पुण्यातल्या कंपन्यांकडे मागणे फार नाही. नोकरी सोडतानाच्या एक्झिट प्रक्रियेत, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेण्याच्या यादीत, 'कामाच्या तपशिलासह अनुभवपत्र' ही एक ओळ घालावी. त्या आठवड्यात वरिष्ठ जागेवर असतो, त्याला कामे आठवतात. चार वर्षांनी तो स्वतःच कंपनी सोडून गेलेला असतो. माजी कर्मचाऱ्यांसाठी एक चालू ईमेल ठेवावा आणि उत्तराची मुदत सांगावी. कोणी वृद्ध आई-वडील मुलाचे अधिकारपत्र घेऊन गेटवर आले तर त्यांना 'ऑनलाइन तिकीट टाका' म्हणून परत पाठवू नये, कारण ते तिकीट टाकायचे पोर्टल माजी कर्मचाऱ्याला उघडतच नाही. आणि कायदेशीर जबाबदारीची भीती वाटत असेल तर पत्रात 'हे पत्र केवळ केलेल्या कामाची नोंद आहे' असे एक वाक्य घालावे. केलेल्या कामाची खरी नोंद देण्यात कंपनी काहीच गमावत नाही.

जे अजून निघायचे आहेत त्यांच्यासाठी: शेवटच्या दिवशी कंपनीचा ईमेल आणि पगाराचे पोर्टल बंद होते. त्याआधी सगळी पगारपत्रके, बढतीची पत्रे, दरवर्षीचे फॉर्म १६ उतरवून स्वतःच्या खात्यात ठेवा. यूएएन आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक परदेशात गेल्यावरही चालू राहील अशी सोय करा. तो बंद पडला तर ओटीपी येत नाही आणि पीएफ पासबुकही उघडत नाही. प्रतिज्ञापत्र देऊ शकतील अशा दोन वरिष्ठांचे खासगी संपर्कही घेऊन ठेवा.

आपला,
मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालेला एक वाचक
कोथरूड, पुणे